खिशातली बॅटरी: हाताशी ठेवायची, निगा राखायची आणि आपल्या कामाची करून घ्यायची

टॉर्चला आपण मराठीत बॅटरी म्हणतो आणि तिच्या पोटात जातो तो सेल. जुन्या लिखाणात विजेरी हा सुंदर शब्दही सापडतो. या लेखात बॅटरी म्हणजे अख्खी वस्तू आणि सेल म्हणजे आतली नळकांडी, एवढं आधीच ठरवून टाकू, म्हणजे पुढे घोळ नको.

मी लिहितेय ती बोटाएवढ्या बॅटरीबद्दल. एका ट्रिपल-ए सेलवर चालणारी, खिशात आहे याचा विसर पडावा इतकी हलकी. ट्रिपल-ए सेल 10.5 मिलिमीटर जाड आणि 44.5 मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे सगळा संसार सात-आठ सेंटिमीटरांत मावतो. अशी बॅटरी पारखताना मी आधी तिचा सर्वांत मंद उजेड बघते, मग ती अंधारात न चाचपडता हाताला लागते का ते बघते. झगझगीत उजेडाचा नंबर त्यानंतर. खाली सांगितलेले सगळे बदल मी याच दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून केले आहेत.

मोबाईलमध्ये दिवा असतोच, मग ही कशाला? मोबाईलचा उजेड पसरट असतो, चार पावलांपलीकडे विरून जातो. तो दातांत धरता येत नाही, सिंकखालच्या ओल्या कोपऱ्यात घालवत नाही, आणि वीज गेली की जे चार्जिंग जपायचं तेच तो खात बसतो.

जागा एकच

पहिलं काम फुकटातलं आहे: बॅटरीची जागा ठरवा आणि ती बदलू नका. कायम तोच खिसा, कायम डोकं खाली. बॅटरीला क्लिप असेल तर ती खिशाच्या शिवणीला लावा, म्हणजे बॅटरी आडवी होऊन तळाशी जात नाही. मग डोळे मिटून ती काढा, लावा, विझवा, परत ठेवा. दहा-बारा वेळा केलं की हात आपोआप शिकतो. किल्ल्या आणि नाणी असतील तो खिसा मात्र नको. काचेवर चरे पडतात आणि बटण दाबलं जाऊन बॅटरी खिशातच जळत राहते.

बटण चुकून दाबलं जात असेल तर मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवा. बहुतेक ॲल्युमिनियमच्या बॅटऱ्यांवर ॲनोडायझिंगचा थर असतो. तो ॲल्युमिनियम ऑक्साईडचा, म्हणजे वीज न वाहू देणारा. आट्यांवरही हा थर असेल तर वीज फक्त नळीच्या उघड्या, चकचकीत कडेतून टोपीत जाते. टोपी जरा सैल झाली की कड सुटते आणि प्रवाह तुटतो. तुमच्या बॅटरीत असं होतं का, ते लगेच कळेल: पाव फेरा सैल करा आणि बटण दाबा. लागली नाही तर कुलूप तयार. लागलीच, तर आटे उघड्या धातूचे आहेत आणि या युक्तीवर विसंबू नका. ज्या बॅटऱ्यांत इलेक्ट्रॉनिक बटण असतं त्या बंद असतानाही किंचित प्रवाह ओढत राहतात. तोही या पाव फेऱ्याने थांबतो.

किती उजेड पुरतो

बॅटरीतून निघणारा एकूण उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. मिट्ट काळोखात, झोपेतून उठून दारापर्यंत जायला एक ल्युमेन भरपूर होतो. हातभर अंतरावरच्या कामाला, म्हणजे स्क्रू शोधणं, लेबल वाचणं, बॅगेत हात घालणं, दहा ते वीस ल्युमेन. उघड्यावर चालताना शंभर. त्यापुढे आकडे वाढतात तसा डोळ्यांना फरक कमी जाणवतो. उजेड दुप्पट वाटायचा असेल तर ल्युमेन साधारण चौपट करावे लागतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका लख्ख झोताने ती कमाई क्षणात जाते. म्हणून बटण दाबल्यावर पहिला उजेड मंद येणारी बॅटरी निवडा. पहिल्याच दाबाला डोळे दिपवणारी बॅटरी रात्री घरात नकोशी होते.

खोक्यावरचे आकडे वाचायचीही एक रीत आहे. बॅटऱ्या मोजण्याचं अमेरिकेतलं एफएल-1 हे मानक 2009 साली आलं. त्यानुसार उजेड बॅटरी लावल्यानंतर 30 सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान मोजतात, आणि 'इतके तास चालते' याचा अर्थ तो उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. शंभर ल्युमेन, तीन तास असं लिहिलं असेल तर तिसऱ्या तासाच्या शेवटी तुमच्या हातात दहा ल्युमेन असू शकतात. झोताचं अंतरही असंच (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात): जिथे उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, तिथवरचं ते अंतर असतं. मी ते निम्मं धरते. निम्म्या अंतरावर उजेड चौपट असतो, म्हणजे पुरता एक लक्स.

आकडा खरा की फुगवलेला, हे घरबसल्या तपासता येतं. 750 मिलिअँपिअर-तासांचा ट्रिपल-ए चार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा, म्हणजे त्यात 0.9 वॉट-तास ऊर्जा. सर्किटसकट एलईडी वॉटमागे 80 ल्युमेन देते असं धरलं तर हिशेब होतो 72 ल्युमेन-तास. शंभर ल्युमेनवर पाऊण तासाच्या आत सेल संपणार, दहा ल्युमेनवर सात तास मिळणार. एका ट्रिपल-ए सेलवर तीनशे ल्युमेन दहा तास असं कुणी छापलं असेल तर तो आकडा सोडून द्या.

धरायची पद्धत

खाली पडलेला बारीक स्क्रू शोधायला उभं राहून वरून झोत टाकला तर जमीन सपाट दिसते आणि स्क्रू तिच्यात हरवतो. बॅटरी जमिनीवर आडवी ठेवा, काच जमिनीला जवळजवळ टेकलेली, आणि हळूहळू फिरवा. जमिनीला घासून जाणाऱ्या उजेडात तांदळाएवढ्या वस्तूचीही बोटभर सावली पडते. नजर स्क्रूवर ठेवू नका, सावली शोधा. भिंतीचा फुगवटा, लाकडावरची चीर, काचेवरचा चरा, सगळं याच तिरप्या उजेडात दिसतं.

धुक्यात किंवा पावसात बॅटरी डोळ्यांजवळ धरली की समोर पांढरा पडदाच उभा राहतो, कारण थेंबांवरून उजेड थेट डोळ्यांत परततो. हात कमरेखाली न्या, वाट दिसू लागेल.

वीज गेली तर बॅटरी शेपटीवर उभी करून झोत पांढऱ्या छताकडे सोडा. छतावरून परतलेला उजेड खोलीभर सारखा पसरतो, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. शेपूट गोल असेल तर ती एखाद्या पेल्यात उभी करा.

सेल: इथे घाई नको

मी एक चांगली बॅटरी गमावली ती खणात पडून. अल्कलाईन सेल आत राहिला, काही महिन्यांनी उघडायला गेले तर टोपी हलेना. आत सेल फुटून पांढरी पूड साचली होती. अल्कलाईन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साईड असतं. ते झिरपतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळून पोटॅशियम कार्बोनेटची ती पूड होते. तेव्हापासून रोजच्या बॅटरीत मी अल्कलाईन घालत नाही.

रोजच्या वापराला निकेल-मेटल हायड्राईडचे, परत परत चार्ज होणारे आणि ठेवल्या जागी चार्ज टिकवणारे सेल उत्तम. 2005 साली एनेलूप नावाने ते पहिल्यांदा बाजारात आले आणि चार्ज केलेला सेल महिन्याभरात आपोआप रिकामा होण्याची जुनी तक्रार मिटली. त्यांचा व्होल्टेज कमी, 1.2, पण एक अँपिअरसारखा मोठा प्रवाह ओढला तरी ते तग धरतात. अल्कलाईन सेल तिथे लवकर मान टाकतो. चार्जर मात्र प्रत्येक सेल वेगळा तपासणारा घ्या. आणीबाणीसाठी महिनोन्‌महिने नुसती ठेवून द्यायची बॅटरी असेल तर तिच्यात 1.5 व्होल्टचे एकदा वापरायचे लिथियम सेल घाला. ते गळण्याचा धोका फार कमी असतो, वजन अल्कलाईनहून कमी असतं आणि ते उणे 40 अंशांपर्यंत चालतात.

आता एक इशारा, तो मनावर घ्या. 10440 नावाचा लिथियम-आयन सेल हुबेहूब ट्रिपल-एच्या मापाचा असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्ट देतो. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणून एका सेलच्या बॅटरीत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं. त्याला वाढवता येतं, कमी करता येत नाही. त्यामुळे 4.2 व्होल्ट जवळजवळ थेट एलईडीवर जातात, उजेड डोळे दिपवणारा येतो आणि मिनिटाभरात बॅटरी हातात धरवत नाही. सर्किट जळतं आणि तो इवलासा सेल त्याच्या ताकदीबाहेर पिळला जातो. बॅटरी बनवणाऱ्याने 10440 चालतो असं स्पष्ट लिहिलं नसेल तर तो घालूच नका. दोन सेलच्या बॅटरीत नवा-जुना सेल एकत्र करू नका. आधी संपलेल्या सेलमधून दुसरा जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो आणि गळती सुरू होते.

गळालेली बॅटरी वाचवायची असेल तर असं करा:

1. हातमोजे आणि चष्मा घाला. सेल अडकला असेल तर बॅटरी तापवू नका, सेलला भोकही पाडू नका. दुसऱ्या बाजूने लाकडी दांडी घालून हलके ठोके द्या.
2. इअरबड व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून, पिळून, पुडीवर टेकवा. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत नवनवे बड घेत राहा. व्हिनेगर आत ओतायचं नाही, ते सर्किटपर्यंत गेलं की नवं दुखणं.
3. पाण्याने ओल्या केलेल्या बडने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने.
4. दिवसभर उघडी वाळू द्या. सेल टेकतो त्या धातूच्या जागा काळ्या पडल्या असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने चकचकीत होईपर्यंत घासा.

निगा आणि बिघाड

दोन-तीन महिन्यांनी एकदा टोपी काढा. आट्यांवर करडं-काळं तेलकट किटण जमलेलं दिसेल. ते झिजलेलं ॲल्युमिनियम आणि जुनं ग्रीस असतं. अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, नळीची उघडी कड आणि टोपीतली तिला टेकणारी जागा विशेष पुसा. रबरी ओ-रिंग टोकदार वस्तूने उचकटू नका, चिमटीत दाबून फुगा आला की सरकवून काढा. मग तिला आणि आट्यांना सिलिकोन ग्रीसचा नुसता हात फिरवा. रिंग स्वतः सिलिकोन रबराची असेल तर सिलिकोन ग्रीस टाळा, त्याने ती फुगते.

या पुसण्याने काय होतं ते आकड्यात बघा. शंभर ल्युमेनला सेलमधून साधारण एक अँपिअर वाहतो. मळलेल्या कडेचा विरोध अवघा 0.2 ओहम असला तरी 0.2 व्होल्ट तिथेच वाया जातात. 1.2 मधले 0.2, म्हणजे सहावा हिस्सा. पुष्कळदा 'बॅटरी म्हातारी झाली' असं वाटतं आणि दुखणं एवढंच असतं.

लुकलुकते किंवा लागतच नाही, तर क्रमाने जा. टोपी आवळा. चार्ज केलेला सेल घाला. कड पुसा. तरीही नाही, तर टोपी बाजूला ठेवा आणि तारेच्या तुकड्याने सेलची मागची बाजू नळीच्या उघड्या कडेला जोडा. लागली तर दोष टोपीत, म्हणजे बटणात किंवा स्प्रिंगमध्ये, आणि टोपी बदलणं सोपं आहे. नाही लागली तर दोष डोक्यात.

काच फुंकर मारून, मग मऊ फडक्याने पुसा. आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरला मात्र बोट, फडकं, कापूस, काहीच लावू नका. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, एकदा पुसला की कायमचा ओरखडा राहतो. धूळ हवेच्या फुग्याने उडवा आणि उरलेली राहू द्या.

बदल: आधी परत निघतील असे

सगळ्यात गुणकारी बदल दोन मिनिटांचा आहे. बहुतेक छोट्या बॅटऱ्यांच्या झोतात मध्यभागी एक तीव्र ठिपका असतो. हातभर अंतरावर तो डोळ्यांना टोचतो आणि भोवतालचं दिसू देत नाही. धुरकट, लिहिता येईल अशी चिकटपट्टी मिळते, तिचा एक तुकडा काचेवर लावा. काच आधी अल्कोहोलने पुसायची, पट्टी मधून बाहेर दाबत न्यायची, म्हणजे हवा अडकत नाही. मग ब्लेडचं टोक कडेच्या खाचेतून गोल फिरवून जास्तीची पट्टी कापायची. ठिपका नाहीसा होतो, उजेड सायीसारखा पसरतो. लांबचं दिसणं कमी होतं, पण या आकाराच्या बॅटरीकडून लांबचं मागावंच कशाला? माझ्या बॅटरीवरची पट्टी मी वर्षातून दोन-तीनदा बदलते, काढून टाकावीशी कधी वाटली नाही.

रंगाचं जरा सविस्तर सांगते. पांढरी एलईडी मुळात निळी असते, तिच्यावरचा पिवळसर फॉस्फर काही निळ्याचं रूपांतर इतर रंगांत करतो आणि एकत्र होऊन पांढरं दिसतं. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं तिच्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा यांना 2014 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त एलईडीत लाल फार कमी असतो. त्यामुळे तपकिरी, नारिंगी आणि लाल वायर एकसारख्या दिसतात, अंगावरचा पुरळ फिका वाटतो. काचेवर पिवळसर फिल्म लावली तर उजेड डोळ्यांना ऊबदार होतो, पण मुळात नसलेला लाल तिच्याने येत नाही. फिल्टर फक्त वगळतो. खरे रंग हवे असतील तर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप, 90 च्या वर असलेली एलईडीच हवी. रात्री डोळे अंधाराला सरावलेले ठेवण्यासाठी लाल फिल्म लावतात, ती चालते, पण उजेड पुरेसा मंद असला तर साध्या पांढऱ्यावरही भागतं.

पकड हवी असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद कडी नळीवर चढवा. घसरत नाही, आणि टेबलावरून घरंगळतही नाही. दातांत धरायची असेल तर ट्यूब नको, माशांच्या टाकीत वापरतात तसल्या सिलिकोन नळीचा स्वच्छ तुकडा बसवा. शेपटीच्या भोकात जाड दोरीची छोटी फास-गाठ बांधली की खिशातून ओढायला पकड मिळते. अंधारात चमकणारी पट्टी लावणार असाल तर स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची घ्या, ती तासन्‌तास मंद दिसत राहते.

क्लिप उलट्या दिशेने बसत असेल तर बॅटरी आपण घातलेल्या टोपीच्या कडेला अडकते आणि दोन्ही हात मोकळे होतात. चुंबकही उपयोगी आहे. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, म्हणून नियोडिमियमची चकती शेपटीवर ठेवून वरून हीट-श्रिंक नळी चढवा आणि तापवून आवळा, तापवताना सेल बाहेर. गोंदापेक्षा हे बरं, नको झालं तर कापून काढता येतं. पेसमेकर असलेल्या माणसाने मात्र चुंबकाची बॅटरी छातीजवळच्या खिशात ठेवू नये.

सोल्डर लागेल असा बदल

ज्याला सोल्डरिंग येतं त्याने एलईडी बदलून बघावी. एवढ्या कष्टाचं चीज करणारा दुसरा बदल मला माहीत नाही. आधी मापं जुळवा: एलईडीचा आकार, बऱ्याचदा 3.5 बाय 3.5 मिलिमीटर, तिचा व्होल्टेज, आणि खालच्या गोल धातूच्या पाटीचा व्यास.

सेल काढा. डोक्याची कडी फिरवून बघा. आट्यांना गोंद असेल तर हेअर ड्रायरने तापवून, रबराच्या पकडीने फिरवा, पक्कडीचे दात थेट लावू नका. काच आणि रिफ्लेक्टर उलटे करून स्वच्छ कागदावर ठेवा. एलईडीभोवती प्लॅस्टिकची एक पांढरी रिंग असते, ती जपा. एलईडीला मधोमध ठेवणं आणि रिफ्लेक्टरचा धातू सोल्डरला टेकू न देणं, ही दोन्ही कामं तिचीच. वायर सोडवण्याआधी फोटो काढा, अधिक-उणे कुठे आहे ते फोटोत दिसलं पाहिजे.

नवी एलईडी पाटीसकटच घेतली तर अर्धं काम वाचतं. पाटीखाली थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा, पातळ थर लावा, वायर जोडा, एलईडीच्या मऊ घुमटाला बोट लावू नका. सगळं बंद करण्यापूर्वी दोन सेकंद लावून बघा. मग रिंग, रिफ्लेक्टर, काच, कडी. कडी आवळताना उजेड विझला तर रिफ्लेक्टर सोल्डरला टेकतोय. लगेच सोडवा आणि सोल्डरचे उंचवटे सपाट करा.

झाल्यावर पूर्ण चार्ज केलेला सेल घालून सर्वांत जास्त उजेडावर पाच मिनिटं हातात धरून बसा. डोक्याची ऊब हळूहळू नळीकडे सरकली पाहिजे. नळी थंड आणि उजेडाचा रंग निळसर होत चालला असेल तर उष्णता पाटीखालीच अडकली आहे, डोकं पुन्हा उघडून पेस्ट नीट लावा.